विमा संपला, शाळा तोंडावर: अमेरिकेत मोफत लसी कुठे आणि कशा मिळतात

प्रश्न थोडक्यात असा होता. नवऱ्याची नोकरी गेली, महिनाअखेरीला विमाही संपला. कुटुंब एच-१बी (नोकरीच्या) आणि एच-४ (त्यावर आलेल्या नवरा-बायको-मुलांच्या) व्हिसावर. मुलगा ५ वर्षांचा, ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाणार. मुलगी साडेअठरा वर्षांची, कॉलेजला निघालेली. सासूबाई ६७ वर्षांच्या, व्हिजिटर व्हिसावर आलेल्या. मुलांच्या आधीच्या लसी पुण्यात झाल्या आहेत. एका खासगी क्लिनिकने एकट्या मुलाच्या लसींचे ७०० डॉलर सांगितले. ‘मोफत लसी कुठे मिळतील, आणि त्या घेतल्या तर पुढे ग्रीन कार्डाला अडचण येईल का?’

मी बरीच वर्षं एका काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, हेल्थ डिपार्टमेंटच्या लसीकरण क्लिनिकमध्ये नर्स म्हणून काम करते. तुमच्यासारखी कुटुंबं आमच्याकडे नेहमी येतात, आणि बहुतेक जण ‘कुठे’ या प्रश्नात अडकलेले असतात. ते सांगते, पण त्याआधी दोन गोष्टी नीट कळायला हव्यात. पहिली, या देशात मुलांची मोफत लस हा कायद्याने मिळालेला हक्क आहे, मोठ्यांची मोफत लस मात्र साठा असेपर्यंतची सोय आहे. म्हणून दोघांसाठी वेगवेगळ्या पद्धतीने फोन करावे लागतात. दुसरी, ते ७०० डॉलर नेमक्या किती डोसांचे, हे अजून कुणीच तपासलेलं दिसत नाही. पुण्याचं कार्ड नीट वाचलं तर यादी छोटी होईल, किंवा एखाद्या लसीने वाढेलही. फुकट असली तरी नको असलेली टोचणी मुलाला कशाला?

आधी मुलांचं. १९८९ ते १९९१ मध्ये अमेरिकेत गोवराची मोठी साथ आली, ५५,००० हून अधिक रुग्ण झाले आणि शंभरावर माणसं गेली. लागण झालेल्या मुलांपैकी कितीतरी जणांना लसच मिळालेली नव्हती, आणि त्यातली अनेक डॉक्टरांकडे जात असूनही राहिली होती. त्या धक्क्यातून १९९३ साली कायदा झाला आणि १९९४ च्या ऑक्टोबरपासून ‘व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रेन’ हा कार्यक्रम सुरू झाला. आम्ही त्याला व्हीएफसीच म्हणतो, फोनवर तुम्हीही तेच म्हणा. १९ वा वाढदिवस होईपर्यंत, विमा नसलेल्या किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) असलेल्या मुलाला लस फुकट. लस केंद्र सरकार विकत घेतं आणि नोंदणी केलेल्या डॉक्टरांना पाठवतं. नागरिकत्वाची अट नाही, व्हिसाही विचारत नाहीत.

इथे एक बारकावा आहे. फुकट असते ती लस. टोचण्याची फी डॉक्टर लावू शकतात, त्याला प्रत्येक राज्यात कमाल मर्यादा आहे, बहुतेक ठिकाणी दर टोचणीला वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास. ती परवडत नाही असं सांगितलंत तर त्या कारणाने लस नाकारता येत नाही. बिल पाठवलं आणि भरता आलं नाही, तरी ते वसुलीवाल्यांकडे देता येत नाही. खासगी डॉक्टर मात्र तपासणीची फी वेगळी लावू शकतात, आणि लोकांना धक्का बसतो तो तिथेच. म्हणून फोनवर असं विचारा: ‘आमचा विमा नाही, तुम्ही व्हीएफसी प्रोव्हायडर आहात का, आणि डॉक्टरांची व्हिजिट न लावता फक्त नर्स व्हिजिटमध्ये लस देता का?’ ७०० डॉलर सांगणाऱ्या क्लिनिकने बहुधा खासगी साठ्याचा दर सांगितला असावा. एकाच फ्रिजमध्ये दोन साठे असतात, एक खासगी विकतचा, एक व्हीएफसीचा, वेगळी लेबलं लावून ठेवलेले. त्या क्लिनिककडे दुसरा साठा आहे का, एवढंच विचारायचं राहिलं असेल.

दर खेपेला विम्याबद्दल पुन्हा विचारतील, त्याचा राग धरू नका. प्रत्येक भेटीत पात्रता तपासून लिहून ठेवणं आम्हाला बंधनकारक आहे. खरं तेच सांगा. मध्यंतरी कोब्रा घेतलात, म्हणजे जुन्या नोकरीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवलात, तर तेही सांगा, कारण मग मूल विमा असलेलं धरलं जातं. घाईत एखादा स्वस्त, अल्प मुदतीचा प्लॅन घेत असाल तर त्यात लसी आहेत का ते आधी बघा. नसतील तर मूल ‘अंडरइन्शुअर्ड’ गटात जातं, आणि अशा मुलांना व्हीएफसीची लस कुठल्याही डॉक्टरांकडे मिळत नाही. त्यासाठी कम्युनिटी हेल्थ सेंटर, ग्रामीण हेल्थ क्लिनिक किंवा तसा अधिकार दिलेलं ठिकाण लागतं. लसी प्लॅनमध्ये आहेत पण डिडक्टिबल (विमा पैसे देण्याआधी स्वतः भरायची रक्कम) मोठं आहे, एवढ्यावर मात्र मूल या गटात बसत नाही. तसा प्लॅन घेतलेले पालक नेमके याच मुद्द्यावर आमच्याशी वाद घालतात.

विमा संपल्यापासून ६० दिवसांत मार्केटप्लेसवरून (विमा विकत घ्यायच्या सरकारी वेबसाइटवरून) प्लॅन घेता येतो, आणि कायद्याप्रमाणे असलेल्या प्लॅनमध्ये मुलांच्या नेहमीच्या लसी नेटवर्कमध्ये पूर्ण मोफत असतात. अनेक राज्यं कायदेशीर वास्तव्य असलेल्या मुलांना, म्हणजे एच-४ वरच्यांनाही, पाच वर्षांची वाट न पाहता मेडिकेड किंवा चिप (मुलांचा सरकारी विमा) देतात. तुम्ही राज्य लिहिलेलं नाही, त्यामुळे इथे ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगता येत नाही. मात्र लसींसाठी यातल्या कशाचीच वाट पाहायची गरज नाही.

आता पुण्याचं कार्ड. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण इथल्या नर्सला ते वाचता येतंच असं नाही आणि तुम्हाला येतं.

सगळ्यात आधी तारखा. आपण दिवस आधी लिहितो, इथे महिना आधी. ०५/०८/२०२१ म्हणजे आपल्यासाठी ५ ऑगस्ट, इथल्या नर्ससाठी ८ मे. तीन महिन्यांच्या फरकाने मूल ‘लसीच्या वयाआधीच टोचलेलं’ ठरू शकतं आणि तो डोस बाद होतो. म्हणून घरी बसून एक स्वच्छ यादी टाइप करा: लसीचं नाव, तारीख, आणि महिना अक्षरात. सोबत मूळ कार्ड न्याच, यादी त्याला पर्याय नाही. सरकारी दवाखान्याचं माता-बाल संरक्षण कार्ड मराठीत भरलेलं असेल तर शेजारी इंग्रजी नाव लिहा. खासगी बालरोगतज्ज्ञांच्या फाइलमध्ये नुसते ब्रँडचे स्टिकर असतात. ट्रेसिवॅक म्हणजे एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), ईझीफाइव्ह म्हणजे पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस), हे इथे कुणाला तोंडपाठ नसतं. परदेशी ब्रँडच्या याद्या आमच्याकडे असतात, पण त्या शोधण्यात तुमच्या अपॉइंटमेंटची वीस मिनिटं जातात. आणि ‘सगळ्या लसी झाल्यात, कार्ड हरवलं’ हे इथे चालत नाही. मुलांच्या बाबतीत लेखी, तारखेसह नोंद नसेल तर डोस झालाच नाही असं धरतात. गोवर, कांजिण्या अशा काही रोगांसाठी रक्ततपासणीने प्रतिकारशक्ती दाखवता येते, पण विमा नसताना ती तपासणी मोफत लसीपेक्षा महाग पडते. जास्तीचा डोस दिल्याने सहसा काही बिघडत नाही, त्यामुळे कार्ड नसेल तर आम्ही सरळ लस देतो.

मग कुठल्या लसी मोजल्या जातात? भारतातल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची पहिली लस ९ महिन्यांनंतर देतात. इथे १२ महिन्यांआधीचा गोवराचा डोस मोजत नाहीत. दुसरा, १६ ते २४ महिन्यांचा, गोवर-रुबेलासाठी मोजला जातो, पण त्यात गालगुंडाची लस नसते. इथे शाळा साधारणपणे तिन्ही मागतात, म्हणून एमएमआर द्यावीच लागते. खासगी डॉक्टरांकडे एमएमआर घेतली असेल तर वर्षानंतरचे डोस सरळ धरले जातात. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही. खासगीत घेतली असेल तर कार्डावर ‘व्हॅरिसेला’ शोधा.

पोलिओचं आणखी गमतीचं आहे. आपण रविवारी रांगेत उभं राहून ‘दो बूंद’ पाजल्या, त्या इथे शून्य धरल्या जातात. कारण एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटे देण्याच्या लसीतून विषाणूचा दुसरा प्रकार काढून टाकला, आणि अमेरिकेत तिन्ही प्रकारांचं संरक्षण असलेलीच लस मान्य आहे. म्हणजे २०१६ नंतर जन्मलेल्या मुलाचे सगळे तोंडावाटेचे डोस बाजूला ठेवायचे आणि इंजेक्शनने दिलेल्या आयपीव्हीच्या नोंदी वेगळ्या शोधायच्या. हेक्साव्हॅलंट (सहा रोगांची एकत्र) लस घेतली असेल तर त्यात आयपीव्ही असते, हे नर्सच्या नजरेला आणून द्या. मुलीचा जन्म २०१६ च्या आधीचा आहे, तिचे एप्रिल २०१६ आधीचे नेहमीच्या वेळापत्रकातले डोस चालतात, मोहिमेतले म्हणून नोंदलेले नाहीत.

हेपटायटिस बी मध्ये तर पूर्ण कार्ड भरलेली मुलंही अडकतात. आपल्याकडे जन्मतः एक, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून, असे चार डोस होतात. अमेरिकेचा नियम असा की शेवटचा डोस वयाच्या २४ आठवड्यांनंतरचा हवा. चार डोस असूनही एक कमी, असं ऐकल्यावर पालक माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, ती मला पाठ झाली आहे. नर्स चुकत नाहीये, एक डोस घेऊन टाका. डीटीपीचे (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला) डोस मात्र चालतात, आपल्याकडची ‘दुखरी’, अख्ख्या जंतूपासून केलेली ‘होल-सेल’ लस असली तरी. चौथ्या वाढदिवसानंतरचा बूस्टर झालाय का एवढं बघा. बीसीजी इथे देत नाहीत आणि मागत नाहीत. पण शाळेने टीबीची चाचणी मागितली तर त्वचेऐवजी रक्ताची चाचणी करा म्हणा, बीसीजीमुळे त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

किती आधी जायचं? आत्ताच. ऑगस्टच्या शेवटच्या दोन आठवड्यांत आमच्या दाराबाहेर रांग असते. शिवाय डोसांमध्ये अंतर लागतं. तुमच्या मुलाचं आयपीव्ही शून्यापासून सुरू करावं लागलं तर आज पहिला, चार आठवड्यांनी दुसरा आणि त्यानंतर सहा महिन्यांनी तिसरा. म्हणजे शाळा सुरू होईल तेव्हा मालिका पूर्ण नसणारच. घाबरू नका, पुढचा डोस अजून देय नसेल तर बहुतेक राज्यांत अट घालून प्रवेश देतात. क्लिनिककडून पुढच्या तारखांचं पत्र घ्या आणि ते शाळेच्या नर्सला द्या, ऑफिसमध्ये नको. ऑफिसात ते फाइलला लागतं, नर्स ते वाचते. नेमक्या कोणत्या लसी शाळेसाठी सक्तीच्या, हे राज्य ठरवतं. केंद्राच्या शिफारशी अलीकडे बऱ्याच बदलल्या आहेत, त्यामुळे बातम्या वाचून अंदाज बांधू नका, तुमच्या राज्याच्या आरोग्य विभागाचा यंदाचा कागद बघा.

शाळा सुरू होण्याआधी मैदानात किंवा वाचनालयात येणारी लसीची व्हॅन चांगलीच असते, पण तिथे कांजिण्यांची लस आहे का ते विचारून जा. शाळेच्या बाकीच्या लसी २ ते ८ अंशांत राहतात, कांजिण्यांची लस उणे १५ अंशांच्या खाली गोठवून ठेवावी लागते, आणि प्रत्येक व्हॅनमध्ये तसा फ्रीझर नसतो. एमएमआर आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत लसी एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये २८ दिवस थांबायचं. व्हॅनमध्ये नुसती एमएमआर घेतलीत तर ऑगस्टमध्ये हे २८ दिवस महागात पडतात. अशा वेळी मी पालकांना हेल्थ डिपार्टमेंटमध्येच दोन्ही एकदम घ्या म्हणते.

मुलीबद्दल एकच गोष्ट, पण ती सगळ्यात तातडीची. तिच्या १९ व्या वाढदिवसाला व्हीएफसी संपतं, त्याला सवलतीची मुदत नाही. एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी) लस राहिली असेल, कॉलेजने मेनिंगोकोकलची (मेंदूज्वराची) मागितली असेल, तर आत्ताच उरका. वाढदिवसानंतर हीच एचपीव्ही स्वतःच्या पैशाने घ्यायची म्हणजे एका डोसला ३०० डॉलरच्या आसपास. मुलाच्या शाळेच्या गडबडीत मोठी मुलगी मागे पडते, हे मी फार वेळा पाहिलंय. दोघांना एकाच अपॉइंटमेंटला घेऊन जा. आणि फार्मसीत जाऊ नका. व्हीएफसीत नोंदवलेल्या फार्मसी थोड्या आहेत, बाकी ठिकाणी विमा नसेल तर पूर्ण किंमत पडते.

आता मोठी माणसं. इथे व्हीएफसीसारखं काही नाही. आहे तो ‘सेक्शन ३१७’ म्हणून ओळखला जाणारा निधी. १९६२ च्या लसीकरण कायद्यातून आलेला हा पैसा राज्यांना मिळतो, आणि त्यातला काही भाग विमा नसलेल्या प्रौढांच्या लसींवर खर्च होतो. पण तो हक्क नाही. कुठल्या लसी घ्यायच्या, कुणाला द्यायच्या, हे राज्य ठरवतं आणि साठा संपला की संपला. एका काउंटीत टीडॅप (मोठ्यांची धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकल्याची लस) आणि हेपटायटिस बी मोफत असते, शेजारच्या काउंटीत नुसती फ्लूची. म्हणून तुम्ही आणि तुमचे यजमान यांच्यासाठी हेल्थ डिपार्टमेंटला असं विचारा: ‘विमा नसलेल्या प्रौढांसाठी सध्या कोणकोणत्या लसी आहेत?’ ‘अमुक लस मोफत आहे का’ असं विचारलंत तर समोरची व्यक्ती फी बघून ‘नाही’ म्हणते आणि विषय तिथेच संपतो.

तिथे नाही मिळाली तर कम्युनिटी हेल्थ सेंटर. केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या अशा सुमारे १,४०० संस्था आहेत. तिथे उत्पन्नानुसार फी ठरते: गरिबीरेषेपर्यंत नाममात्र किंवा शून्य, तिच्या दुपटीपर्यंत सवलत. पैसे नाहीत म्हणून परत पाठवत नाहीत. गेल्या वर्षीचा टॅक्स रिटर्न नेलात तर तुम्ही श्रीमंत ठराल, म्हणून नोकरी गेल्याचं पत्र आणि आत्ताच्या उत्पन्नाचा कागद न्या. काही महागड्या लसींसाठी मर्क कंपनीची विमा नसलेल्या प्रौढांसाठी मदत योजना आहे. तिचा अर्ज लस टोचण्याआधी, डॉक्टरांच्या ऑफिसमधूनच करावा लागतो. नंतर पैसे परत मिळत नाहीत.

आता सासूबाईंबद्दल स्पष्ट सांगते. व्हिजिटर विमा बहुतेक वेळा लसींचे पैसे देत नाही. फ्लूची लस शरद ऋतूत हेल्थ डिपार्टमेंटच्या मोफत क्लिनिकमध्ये घेऊन टाका, तिथे सहसा कुणी काही विचारत नाही. नागिणीच्या लसीसाठी इथे धावपळ करू नका. तिचे दोन डोस २ ते ६ महिन्यांच्या अंतराने असतात, इथे एकेकाला २०० डॉलरहून जास्त, आणि त्या परत गेल्या तर दुसरा डोस लटकतो. ही लस, शिंग्रिक्स, २०२३ पासून भारतातही मिळते. तिथेही स्वस्त नाही, पण दोन्ही डोस एकाच डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतील.

ग्रीन कार्डाची भीती. १९९६ च्या ज्या कायद्याने परदेशी नागरिकांच्या सरकारी मदतीवर बंधनं आणली, त्याच कायद्याने लसीकरणाची सार्वजनिक सेवा त्या बंधनांबाहेर ठेवली. मोफत लस घेतल्याने तुमचं काही बिघडत नाही. मेडिकेडचा प्रश्न वेगळा. पब्लिक चार्जचे, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारण्याचे, नियम २०१९ मध्ये एक होते, २०२२ मध्ये दुसरे झाले आणि पुढेही बदलू शकतात, म्हणून मेडिकेडचा अर्ज भरण्याआधी तुमच्या वकिलांना विचारा. उलट ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत लसींचे पुरावे लागतातच. सिव्हिल सर्जनकडे (इथे याचा अर्थ ही तपासणी करायला इमिग्रेशन खात्याने नेमलेले डॉक्टर) त्या लसी घेतल्या की ते हवी ती किंमत लावतात. आधी हेल्थ डिपार्टमेंटमध्ये घेऊन, त्याची नोंद सर्जनपुढे ठेवता येते.

म्हणजे क्रम असा: आज रात्री यादी टाइप करा, उद्या सकाळी हेल्थ डिपार्टमेंटला व्हीएफसीसाठी फोन करून दोन्ही मुलांची एकत्र वेळ घ्या, त्याच फोनवर प्रौढांच्या लसी विचारा, सासूबाईंचं शरद ऋतूपर्यंत ठेवा. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर दुभाषी मागा, केंद्राचा पैसा घेणाऱ्या ठिकाणी तो मोफत द्यावा लागतो. मराठी दुभाषी फोनवर मिळतो, फक्त अपॉइंटमेंट घेतानाच सांगून ठेवा.

आणि क्लिनिकमधून निघण्याआधी नर्सला सांगा की पुण्याचे जुने डोसही राज्याच्या लसनोंदणीत घाला. नुसते आजचे डोस टाकून पुढच्या माणसाकडे वळायची घाई आम्हाला असते. एकदा ते नोंदणीत गेले की पुढच्या शाळेला, पुढच्या डॉक्टरांना त्याच राज्यात ते दिसतात, आणि राज्य बदललंत तर छापील प्रत काढून नेता येते. तुमचं राज्य आणि मुलाच्या कार्डावरच्या तारखा इथे लिहा, नाव आणि जन्मतारीख झाकून, नुसतं डोसच्या वेळचं वय दिलंत तरी पुरे. कोणते डोस धरले जातील ते मी पाहून सांगते.